वर्गणीचा हिशोब

माझा कॅन्सर खोटा होता, असं वस्तीत बोललं जातं.

तोंडावर कोणी बोलत नाही. नळावर बोलतात. पाळी सुटल्यावर गेटबाहेरच्या टपरीवर बोलतात. "त्याला कायच झालं नव्हतं. पोरांनी उगाच डबा फिरवला." डबा फिरवला हे खरं आहे. २०२३ च्या ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत रात्र काढून आलेली आपली पोरं दुसऱ्याच दिवशी पत्र्याचा डबा घेऊन निघाली. खोपोली, खालापूर, चौक, कर्जत, नेरळ. विहाराविहारात गेली. ४१,३४० रुपये जमले. भाजीच्या पाट्या घेऊन पहाटेच्या लोकलनं जाणाऱ्या म्हाताऱ्यांनी दहा-दहाच्या नोटा टाकल्या. आणि दोन महिन्यांनी कळलं, की ज्या रोगासाठी डबा फिरला तो रोग मला आता नाहीच.

संपादक म्हणाला, कविता दे. मी म्हटलं, कविता पुढच्या अंकाला. या अंकात हिशोब घे. पैशाचा देणारच आहे, पण त्याआधी रोगाचा. कारण रोगाचा हिशोब कळल्याशिवाय पैशाचा कळणार नाही.

मी खालापूर तालुक्यातल्या एका कागद गिरणीत ठेकेदाराचा कामगार आहे. शाळा नववीत सुटली. पुढचं शिक्षण रद्दीत झालं. गिरणीत रद्दीचे गठ्ठे येतात, ते फोडून पल्परमध्ये टाकायचे. पाण्यात सगळा लगदा. जातीचा दाखला आणि लग्नपत्रिका एकाच लगद्यात जातात, हे मी रोज बघतो. त्यातून अर्धीमुर्धी पुस्तकं मी शर्टात घालून घरी आणली. कुणाचं पहिलं पान नाही, कुणाचं शेवटचं. तसंच वाचत गेलो. म्हणून माझ्या लिहिण्यातही कुठं आरंभ गळालेला असतो. चालवून घ्या.

२०२१ च्या दिवाळीनंतर मानेत डाव्या बाजूला गाठ आली. दुखत नव्हती. संध्याकाळी ताप, रात्री घामानं गोधडी ओली, अंगाला खाज. तीन महिन्यांत नऊ किलो उतरलो. एका खाजगी डॉक्टरकडं गेलो. त्यानं विचारलं, कुठं राहतो? काम काय? मी सांगितलं. गाठीला हात लावायच्या आधी त्यानं माझा पत्ता वाचला. म्हणाला, टीबी आहे, गोळ्या चालू कर. सुई नाही, तुकडा नाही, थुंकी नाही. मी गोळ्या घेतल्या. लघवी केशरी झाली. गाठ वाढत गेली. दुसरी आली, काखेत.

टीबी आपल्या वस्तीत आहे, खूप आहे, हे मला माहीत आहे. माझा बाप टीबीनंच गेला. पण गरिबाच्या मानेतली प्रत्येक गाठ टीबीचीच, हे कोणी ठरवलं? डॉक्टरचा अंदाज शंभरात बऱ्याचदा बरोबर येत असेल. ज्याच्या बाबतीत चुकतो त्याचे महिने जातात. माझे तीन गेले.

शेवटी दादानं, म्हणजे थोरल्या भावानं, पाळी बुडवून मला परळला टाटाला नेलं. टाटा मेमोरियल. १९४१ साली सुरू झालेलं. आपल्याकडं 'टाटाला नेला' म्हटलं की माणसं पुढचं विचारत नाहीत, नुसती मान हलवतात. तिथं काखेतली एक गाठच कापून काढली आणि तपासायला पाठवली. आठवड्यानं नाव आलं: हॉजकिन्स लिम्फोमा. लसिकाग्रंथींचा कॅन्सर. अंगात मान, काख, छाती, पोट, जांघ इथं मण्यांसारख्या गाठी असतात. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या त्या चौक्या. हा कॅन्सर त्या चौक्यांमध्येच होतो.

डॉक्टर म्हणाले, हा बरा होणाऱ्यांतला आहे. घाबरू नका. पण बारा डोस घ्यायचे, दर पंधरवड्याला एक.

मार्च ते ऑगस्ट २०२२. केशरी रेशनकार्ड होतं म्हणून महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसलो. ही योजना २०१२ साली वेगळ्या नावानं सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या आठ जिल्ह्यांत आपला रायगड होता. नाहीतर मी आज हे लिहीत नसतो. ठेकेदार पगारातून दर महिन्याला ईएसआयचे पैसे कापत होता. खिडकीवर कार्ड दाखवलं तर बाई म्हणाली, हा नंबरच नाही. ते भांडण वेगळं आहे, ते युनियनच्या पानावर लिहीन.

चार औषधं. एक लाल, सलाइनच्या नळीतून सरबतासारखं उतरतं. एकाला उजेड चालत नाही, ते झाकून लावतात. पहाटेची खोपोली लोकल, दादरला उतरून परत परळ. अपंग आणि कॅन्सर पेशंटच्या डब्यात बसायचो. केस गेले, भुवया गेल्या, तोवर त्या डब्यात माझ्याशी कोणी वाद घातला नाही. पुढं केस परत आले आणि माणसं विचारायला लागली, "तुला काय झालंय रे? हा आपला डबा नाय." मग फाईल काढून दाखवायची. आजार नुसता असून भागत नाही. तो दिसायलाही लागतो.

आता एक गोष्ट सांगतो, ती सांगायला जड जाते.

पहिल्या डोसनंतर घरी आलो. वैनीनं चहा दिला. कपाला हिरवी रेघ होती. दुसऱ्या दिवशी तोच कप. तिसऱ्या दिवशी तोच. तो धुवून फळीवर वेगळा, उपडा ठेवलेला. मी काही बोललो नाही. वैनी वाईट नाही. डोसनंतर मी उलट्या करायचो ती बादली तिनंच उचलली. पण कुणीतरी तिला सांगितलं होतं, शिवलं की होतो. मुलं लहान आहेत.

आपल्या आजाला गावच्या हॉटेलात वेगळी कपबशी होती. ती बाहेरच्या कोनाड्यात असायची, स्वतः धुवून ठेवायची. ही गोष्ट आपण दर १४ एप्रिलला भाषणात सांगतो. आणि ती कपबशी माझ्याच घरात, माझ्याच माणसांच्या हातून परत आली. कॅन्सर शिवल्यानं होत नाही. चहानं होत नाही, अंथरुणानं होत नाही. हे मी घरात मोठ्यानं सांगायला चौथ्या डोसपर्यंत वेळ लावला. भाषण करणं सोपं असतं, मित्रांनो. घरात बोलणं अवघड.

सप्टेंबर २०२२ मध्ये स्कॅन स्वच्छ आला. मी परत गिरणीत लागलो. कप फळीवरून खाली आला.

वर्ष बरं गेलं. मग २०२३ च्या ऑक्टोबरात खोकला सुरू झाला. कोरडा. थकवा असा की गठ्ठा उचलताना बसून घ्यावं लागे. घोटे सुजले. नडगीवर लाल, दुखऱ्या गुठळ्या उठल्या, रुपयाएवढ्या. आई म्हणाली, "पोरा, काय चावलं का रं? गिरणीतलं पाणी खराब." मी हळद लावली आणि विसरलो.

परळची तारीख लांब होती. खाडा झाला की ठेकेदार दुसरा माणूस उभा करतो. म्हणून रविवारी एका खाजगी ठिकाणी गेलो. पेट स्कॅन कर म्हणाले. उसने चौदा हजार घातले. रिपोर्ट आला: छातीत मधोमध आणि दोन्ही फुप्फुसांच्या मुळाशी गाठी, सगळ्या उजळलेल्या, रोग उलटल्याचा दाट संशय. तिथल्या डॉक्टरनं पानावर बोट ठेवलं आणि एकच वाक्य बोलला, "परत आलाय."

'दाट संशय' हे शब्द पानावर होते. त्याच्या तोंडात येईपर्यंत संशय गेला आणि निकाल राहिला.

पुढचंही त्यानं सांगितलं. आता आधीपेक्षा जोरदार केमो, मग स्वतःच्याच मूळपेशी काढून ठेवायच्या, मोठा डोस देऊन मज्जा जाळायची, आणि त्या पेशी परत भरायच्या. बोनमॅरो ट्रान्सप्लांट. लाखांच्या गोष्टी. पुढं मूल होईल का, तर सांगता येत नाही. माझं लग्न ठरत होतं. नेरळची मुलगी. मी निरोप पाठवला, थांबू नका.

घरी आलो तर दोन दिवसांत हिरव्या रेघेचा कप फळीवर. दादानं गावचा जमिनीचा तुकडा विकायला काढला, अर्धा एकर, आजाच्या नावाचा. आणि शाखेतल्या पोरांनी डबा काढला.

डब्याचे पैसे आणि खाजगी ठिकाणची फिल्म घेऊन मी परळला गेलो, जिथं माझी जुनी फाईल होती. एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. फिल्म बघितली, लगेच काही बोलल्या नाहीत. विचारायला लागल्या. ताप आहे? नाही. रात्री घाम? नाही. वजन? तेवढंच. सांधे? घोटे सुजलेत. मग म्हणाल्या, "पँट गुडघ्यापर्यंत वर घ्या."

दोन महिन्यांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी छातीचा फोटो बघितला होता. पाय कोणी बघितले नव्हते.

नडगीवरच्या गुठळ्या त्यांनी दाबून बघितल्या. "हे कधीपासून?" मग फिल्म परत उजेडाला धरली. "दोन्ही बाजूंना सारख्याच गाठी आहेत. तुमचा जुना रोग मानेत डावीकडं आणि काखेत होता. हा परत आला असेल, नसेलही. तुकडा काढल्याशिवाय मी नाव देणार नाही."

मी म्हटलं, "पण मॅडम, उजळलंय ना सगळं."

तेव्हा त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. पेट स्कॅनच्या आधी हातात सुईनं एक साखर सोडतात. तिला किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेला असतो. त्याचा जोर दर ११० मिनिटांनी निम्मा होतो, म्हणून ती फार साठवता येत नाही. तासभर गप्प पडून राहायचं. अंगातल्या ज्या पेशी साखर जास्त खातात त्या फोटोत उजळतात. कॅन्सरची पेशी अधाशी, म्हणून ती उजळते. पण मेंदूही उजळतो. हृदय उजळू शकतं. टीबीची गाठ उजळते. कुठंही पांढऱ्या पेशी जमून झुंजत असल्या की तिथंही साखर लागते, तिथंही उजेड. म्हणजे मशीन भूक दाखवतं. भूक कुणाची आहे ते दाखवत नाही.

हे ऐकताना मला आमच्या बाजूची कातकरवाडी आठवली. फार्महाऊसवर चोरी झाली की जीप आधी वाडीत जाते. का? तर तिथं भूक आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ ला गेला. नजर गेली नाही. भुकेवरून नाव लावायची सवय आपल्याला बाहेरून ओळखीची आहे. माझ्या छातीत तीच सवय चालली होती, एवढंच.

डिसेंबरच्या शेवटी तोंडातून दुर्बीण घातली. तिच्या टोकाला सोनोग्राफी असते. श्वासनळीच्या भिंतीतून पलीकडच्या गाठीत सुई. अर्धवट गुंगीत होतो, खोकला दाबत होतो. सुईत जे आलं त्यात कॅन्सरची पेशी नव्हती. होता तो ग्रॅन्युलोमा. याला मराठी शब्द मी माझ्यापुरता केलाय: घेराव. अंगातल्या लढाऊ पेशी कशाभोवती तरी गोल जमतात, एकमेकींना चिकटतात, हटत नाहीत. टीबीतही असाच घेराव असतो, पण त्याच्या मध्यभागी कुजलेलं असतं, चोथ्यासारखं. माझ्या घेरावाच्या मध्यात कुजलेलं काहीच नव्हतं. टीबीच्या जंतूसाठी रंग लावून बघितलं, सीबीनॅट केलं, कल्चर लावलं. कल्चरला सहा आठवडे लागतात. हातावर टीबीची सुई टोचली, काही उठलं नाही.

मी उठून घरी जायला तयार. बाई म्हणाल्या, अजून नाही. कॅन्सरच्या शेजारीही असा घेराव सापडतो, आणि बारीक सुईला कॅन्सर हुकू शकतो. मोठा तुकडा पाहिजे. मग जानेवारीत गळ्याच्या खाली, छातीच्या हाडावर छोटा छेद देऊन गाठीचे तुकडे काढले. जुन्या, २०२२ च्या तुकड्याशी शेजारी ठेवून बघितले. जुन्यात हॉजकिन्सच्या मोठ्या, दोन डोळ्यांच्या घुबडासारख्या पेशी होत्या. नव्यात एकही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये कल्चरही कोरं आलं.

नाव मिळालं: सारकॉइडोसिस.

हे नाव मी आधी कधी ऐकलं नव्हतं. तुम्हीही नसेल. आपल्याकडं हा रोग होतच नाही असं बरीच वर्षं मानत, कारण छातीत गाठ दिसली की टीबीचं लेबल तयार असायचं. शोधत गेलो तर कळलं की हे नावच एका गैरसमजाजवळ जन्मलंय. १८९९ साली सीझर बेक नावाच्या नॉर्वेच्या डॉक्टरनं कातडीवरच्या गाठींचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. त्याला त्या सारकोमासारख्या, म्हणजे एका जातीच्या कॅन्सरसारख्या वाटल्या. पण वागायला सौम्य. म्हणून 'सारकॉइड'. कॅन्सरसारखा. म्हणजे नावातच चूक होण्याची सोय ठेवलेली.

तिकडं हॉजकिन्सचीही तीच कथा. त्या मोठ्या पेशींचं नीट वर्णन १८९८ ला स्टर्नबर्गनं केलं, पण त्याला वाटलं हा टीबीचाच एक प्रकार. १९०२ मध्ये डोरोथी रीड या बाईनं दाखवून दिलं की हा टीबी नाही, वेगळा रोग आहे. मोठमोठ्या डॉक्टरांनाही टीबी, हॉजकिन्स, सारकॉइड हे तिघे एकमेकांच्या कपड्यांत दिसलेत. माझ्या अंगाला दोन वर्षांत तीनही नावं लागली. त्यातली दोन तुकडा बघून लागली, ती बरोबर निघाली. दोन वेळा तुकडा न बघता नाव लागलं, टीबी आणि 'परत आलाय'. ती दोन्ही खोटी निघाली. हिशोब इतका सरळ आहे.

आणि हॉजकिन कोण, ते आपल्या पोरांनी ऐकण्यासारखं आहे. टॉमस हॉजकिन, लंडनचा. १८३२ साली त्यानं या गाठींवर पहिला निबंध लिहिला. हडसन बे कंपनी उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना कशी वागवते याविरुद्ध तो बोलायचा. त्याच्या हॉस्पिटलचा खजिनदार त्याच कंपनीच्या कारभारी मंडळात होता. १८३७ मध्ये हॉजकिनला वरची जागा मिळाली नाही. इतिहास लिहिणारे त्यामागं हे वैर सांगतात. त्याच वर्षी त्यानं मूळ रहिवाशांच्या रक्षणासाठी संस्था उभी करायला हात लावला. ज्याच्या नावाचा रोग माझ्या काखेत होता तो माणूस आपल्या बाजूचा होता, याचं मला बरं वाटलं. रोगाला शेवटी नाव त्याचंच राहिलं. खजिनदाराचं नाही.

लिम्फोमा झालेल्या काही थोड्या लोकांना उपचारानंतर सारकॉइडोसिस होतो. १९८६ साली ब्रिंकर नावाच्या डॉक्टरनं या दोघांच्या जोडीवर लिहून तिला वेगळं नाव दिलं. का होतो, ते पुरतं उलगडलेलं नाही. बाईंनी गिरणीच्या धुळीबद्दलही विचारलं. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१ ला मनोरे पडले, त्या धुळीत काम केलेल्या अग्निशमन जवानांमध्ये सारकॉइडसारखा आजार नेहमीपेक्षा जास्त दिसला. तिथं मोजदाद झाली म्हणून दिसला. आमच्या पल्परजवळची धूळ कोणी मोजलेली नाही. म्हणून मी गिरणीवर आळ घेत नाही. मोजा, एवढंच म्हणतो.

औषध? थोडे दिवस दुखण्याच्या गोळ्या. बाकी वाट बघणं. हा रोग बऱ्याच जणांत आपणहून उतरतो, माझाही उतरला. काहींना स्टेरॉइड लागतं. डोळ्यांत आणि हृदयात शिरला तर तो साधा राहत नाही, म्हणून माझे डोळे तपासले, कार्डिओग्राम काढला. उन्हाळ्यातल्या स्कॅनमध्ये गाठी निम्म्या झाल्या होत्या. नडगीवर आता नुसते काळे डाग आहेत.

विचार करा. ती सुई झाली नसती तर? जोरदार केमो झाली असती. गाठी सारकॉइडच्या, त्या आपोआप विरल्या असत्या, आणि सगळे म्हणाले असते, औषध लागू पडलं. मग मज्जा जाळली असती. जमीन गेली असती. मी वाचलोही असतो कदाचित, आणि जन्मभर ज्यानं मला जाळलं त्याचे आभार मानत बसलो असतो.

पण आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हा लेख घातक ठरेल.

केमोच्या दिवसांत शेजारच्या खुर्चीवर बीडकडचा एक पोरगा असायचा. आई-बाप ऊसतोडीला. तो दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत राहायचा. रोगही तोच, वयही तेच. जानेवारीत तो मला परत भेटला. त्याचाही स्कॅन उजळला होता. मी शहाणपणानं त्याला म्हटलं, "अरे, नसेल ते. माझ्यासारखं असेल." तो खूश झाला. त्याच्या गाठीतही सुई गेली. त्याचा निकाल आला: हॉजकिन्सच. खरंच परत आलेला. बहुतेकांचं असंच असतं. उजळलेली गाठ पुष्कळदा कॅन्सरचीच निघते. मी त्याला दिलेली आशा माझ्या खिशातली नव्हती. ती द्यायचा मला अधिकार नव्हता.

त्याला ट्रान्सप्लांट हवी होती. आपल्या देशातली पहिली यशस्वी बोनमॅरो ट्रान्सप्लांट टाटातच १९८३ ला झाली, म्हणजे रस्ता जुना आहे. पण तिथवर पोचायला त्याचा रोग आधी दबायला हवा होता. तो दबला नाही. २०२४ च्या पावसाळ्यात तो गेला.

आता पैसे. जमा ४१,३४० रुपये. माझ्या तपासण्या, गाडीभाडं, दोन वेळा दादाचा मुक्काम, मिळून खर्च ९,८६०. उरले ३१,४८०. त्यातले २५,००० मी शाखेच्या चार पोरांसमोर त्या पोराच्या बापाच्या हातात दिले. बाप अंगठा लावतो, त्याचा अंगठा पावतीवर आहे. उरलेले ६,४८० शाखेच्या पेटीत आहेत.

हे ऐकून परत बोललं गेलं. "एकाला रोग नव्हता, दुसरा वाचला नाय. म्हंजी पैसे दोनदा बुडाले." एका मावशीनं मला नळावर विचारलं, "मंग माझे धा रुपये कुठं गेले रं बाबा?" तिला मी उभ्या उभ्या उत्तर देऊ शकलो नाही. आता देतो. मावशी, तुझ्या दहा रुपयांत एक सुई आली. त्या सुईनं मला सांगितलं, हे तुझं नाही. त्याला सांगितलं, हे तुझं आहे. दोन्ही खरं सांगितलं. खरं कळायला पैसे पडतात. आपल्याला ते आजवर परवडत नव्हते, म्हणून आपल्याला अंदाजावर औषध मिळायचं.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, तुम्ही पेशंट घेऊन धावता, रात्री-अपरात्री रक्त देता, तुम्हाला माझं सांगणं आहे. डबा फिरवा. जरूर फिरवा. पण त्याआधी डॉक्टरसमोर उभं राहून नम्रपणे चार गोष्टी विचारा. तुकडा काढला का? तुकड्याचा कागद कुठं आहे? आधी रोग झालेला असेल तर जुना तुकडा नव्याशी ताडला का? टीबीची तपासणी तुकड्यावर केली का? डॉक्टर चिडला तरी विचारा. चांगला डॉक्टर चिडत नाही, मी बघितलंय. आणि माझं उदाहरण देऊन कुणाला सुईपासून पळवू नका, कुणाला फुकाची आशा देऊ नका. माझ्या गोष्टीतून घ्यायची तर सुई घ्या.

आणि घरातला कप बघा. माझ्या घरी मी परवा तो हिरव्या रेघेचा कप काढला आणि सगळ्यांसमोर पुतणीला त्यात दूध दिलं. वैनी काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. मग दुसऱ्या दिवशी तिनं त्याच कपात स्वतः चहा घेतला. नेरळला परत निरोप पाठवलाय. उत्तर अजून आलेलं नाही.

वंदनेत आपण 'एहिपस्सिको' म्हणतो, सवयीनं, पाठ असल्यासारखं. या आणि बघा. रोगाला तेच लागू आहे आणि हिशोबालाही. दोन्ही रिपोर्ट, पावत्या आणि तो अंगठ्याचा कागद विहारातल्या कपाटात वरच्या खणात ठेवलाय. किल्ली शाखेच्या खजिनदाराकडं आहे. ज्याला शंका आहे त्यानं येऊन बघावं.

जयभीम.